हाक मारायची नाही

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी धाडकन माझ्या पाठीवर आदळलं. वळून पाहते तर भोपळ्या. दीड महिन्याचं पिल्लू असताना कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राने तो माझ्याकडे वाढवायला दिला होता आणि वर्षाने परत नेला होता, अंध माणसाला वाट दाखवायला शिकवण्यासाठी. आठ महिन्यांनी भेटला गुलाम, आणि माझं तोंड चाटतोय...

मग मला तो माणूस दिसला. रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर पडलेला, भोपळ्याच्या पट्ट्याची मूठ अजूनही घट्ट धरलेला.

"अहो, लागलं का?"

"गुडघ्याला. पडताना कुणी बघितलं नसेल तर इज्जत शाबूत आहे."

"मी बघितलं."

"मग गेली. काय करता तुम्ही इथे?"

"चष्मे विकते."

"म्हणजे माझ्यासारखं गिऱ्हाईक तुमच्या काही कामाचं नाही."

मी हसले. इतक्यात त्याच्या पायाजवळून एक ट्रक गेला, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "पुन्हा असं झालं तर कुत्रा परत घ्यावा लागेल. त्या गृहस्थांनी त्याच्यासाठी चार वर्षं वाट पाहिली आहे. तीन महिने भोपळ्याच्या समोर येऊ नकोस. हाक मारायची नाही. मग त्याची परीक्षा घेऊ."

असा राग आला. माझं लेकरू, आणि मीच लपायचं? पण तो ट्रक डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. नंबर बाईंकडून मिळवला होता. "इयरफोन लावलेत. तुमचा आवाज ऐकला तर हा दाराशी जाऊन बसेल. लहानपणी काय खायचा हो?"

"माझ्या चपला."

मग रोज सहाला फोन. तो हाडांच्या दवाखान्यात पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचा. एकदा खणलेल्या खड्ड्यात पडला, त्यानंतर दोन वर्षं दादाचा हात धरल्याशिवाय उंबरठा ओलांडला नव्हता. "भोपळ्या आल्यापासून एकटा कामावर जातो," तो म्हणाला. "तो गेला तर... पुन्हा दादाचा हात."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

सकाळी ते दोघं दुकानावरून जायचे. मी पडद्याआड श्वास रोखून उभी. एका संध्याकाळी मी फोनवर म्हणाले, "आज शर्टाचं बटण चुकलं होतं."

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना—" आणि तो थांबला. हाक मारायची नाही, हे त्याला आठवलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी मला चौकात उभं केलं. कुठे आणि कधी, हे त्याला सांगितलं नव्हतं.

ते आले. भोपळ्याला मी दिसले. तो थबकला. शेपूट हलली, सगळं अंग थरथरायला लागलं. मी ओठ दातांखाली धरले. डावीकडून एक गाडी भरधाव येत होती आणि मूठ धरलेल्या त्याने पाऊल उचललं होतं...

भोपळ्याने माझ्यावरची नजर हटवली आणि त्याच्या पायांपुढे आडवा झाला. गाडी गेली. मग भोपळ्याने त्याला नीट रस्ता ओलांडून नेलं, माझ्या अगदी जवळून, पण माझ्याकडे एकदाही न बघता. मी ढसाढसा रडले. वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

"झालं," बाई म्हणाल्या. "पास. जा आता तिकडे."

मी त्यांच्यामागे धावले आणि त्याच्यासमोर गप्प उभी राहिले.

"तूच आहेस ना?" तो म्हणाला. "पट्ट्याच्या मुठीतून कळलं मला. एवढा कुणासाठी थरथरणार तो?"

मी नाक पुसलं.

"त्याने तुला सोडलं... माझ्यासाठी." त्याने हात पुढे केला. हवेतच, जरा चुकीच्या दिशेला. "त्याला जमलं. मला नाही जमणार."

मी तो हात धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघांसमोर तोंड उघडलं.

"मग सोडायला सांगितलंय कुणी तुला?"

भोपळ्याने कान टवकारले. माझ्याकडे बघितलं, एकदा शेपूट आपटली आणि त्याच्या पायाशीच बसून राहिला.