तिसरं पाणी

म्पुमलांगा प्रांतातल्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात सकाळी सातला खेथिवे स्कोसाना नमुने तपासायला घ्यायची. बॉयलरच्या पाण्यात विरघळलेली वाळू मोजायची, हे तिचं काम. पाण्यात औषधाचे थेंब टाकले, की जितकी वाळू तितका निळा रंग. अब्जात वीस भागांच्या वर गेली, तर टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखा थर बसतो. बाटल्यासुद्धा प्लास्टिकच्याच हव्यात, कारण काच स्वतःच पाण्यात वाळू सोडते.

हे सगळं तिला प्रयोगशाळेतल्या जुन्या मबेनाबाबांनी शिकवलं होतं. नमुना घेण्याआधी बाटली तीनदा विसळायची. "पहिलं पाणी बाटलीचं, दुसरं नळाचं, तिसरं आपल्या गेलेल्यांचं," असं म्हणत ते तिसरं पाणी दाराच्या पायरीवर ओतायचे. खेथिवेला हसू यायचं. मे महिन्यात बाबा वारले आणि तिसरं पाणी बेसिनमध्ये जाऊ लागलं.

जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा; त्या सकाळी बाहेर दहिवर गोठलं होतं. तीन नंबरचा बॉयलर-टर्बाइनचा संच दुपारी सुरू व्हायचा होता. बाबा गेल्यापासून कपाटात ठेवलेली त्यांची बाटली आज टेबलावर उभी होती. काठोकाठ भरलेली, हाताला कोमट.

कुणीतरी चेष्टा केली असेल, असं म्हणून तिने पाणी तपासलं. गडद निळं. साठ.

स्वतःच्या बाटलीत संचाच्या नळाचं पाणी घेतलं. तीन. तेच पाणी बाबांच्या बाटलीत घेतलं. साठ. बाटलीच खराब असेल म्हणून तिच्यात शुद्ध पाणी भरून पाहिलं. रंगच आला नाही.

"परत?" तिने साठचा आकडा सांगताच संचाचे प्रमुख फुरीसाहेब फोनवर कडाडले. "गेल्या आठवड्यात तुझ्यापायी संच सहा तास अडला. निघालं काही? काचेची बाटली घेतलीस का?"

"नाही, साहेब."

"मीटर तीन दाखवतोय, बाई. या वेळी खोटी ठरलीस, तर उद्यापासून येऊ नकोस."

 घरात कमावती ती एकटीच. तरीही तिने अहवालावर साठ लिहिलं आणि सही केली.

त्या अहवालामुळे अकराला पाणी शुद्ध करणारी टाकी उघडून पाहिली. तळाची जाळी चिरली होती, जेमतेम एका तारेवर तगून होती. संच सुरू होताच टाकीतले पाणी गाळणारे सगळे राळेचे दाणे बॉयलरमध्ये गेले असते.

फुरीसाहेब स्वतः कॉफी घेऊन आले. "तुझ्या त्या बाटलीला बढती द्यायला हवी," ते ओशाळून म्हणाले. कितीतरी दिवसांनी खेथिवे मोकळं हसली.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांची बाटली तीनदा विसळली. तिसरं पाणी पायरीवर ओतलं.

"घ्या, बाबा."

सगळीकडे दहिवर पांढरं पडलं होतं. पाणी तिथल्या तिथे गोठायला हवं होतं.

दार लावता लावता तिने वळून पाहिलं.

काँक्रीटची पायरी कोरडी ठणठणीत होती.