उलट चिन्हाचं दही

मिरजेत आठल्यांच्या घरी श्रीखंडासाठी विरजलेल्या दह्याचं दूध झालं, तेव्हा घरोघरच्या फ्रीजची जागा थांबपेटीने घेऊन बारा वर्षं उलटली होती. थांबपेटीत ठेवलेली मेथी महिन्यानेही कोवळीच निघे आणि आमरस दिवाळीतसुद्धा खाता येई. या पेट्यांच्या पुढच्या संशोधनात आठल्यांच्या मुलीचा, ऋजुताचा मोठा वाटा होता. त्यामुळे ऐन दसऱ्याच्या सकाळी पेटीने दगा दिल्यावर कुंदाताईंनी सुट्टीवर आलेल्या मुलीलाच धारेवर धरलं.

"हे बघ तुझं विज्ञान!" त्यांनी पातेलं तिच्यापुढे आदळलं. त्यांचा आवाज फाटका, घोगरा होता. एकतीस वर्षांपूर्वी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गाठ गेली आणि तिच्याबरोबर गाणंही गेलं. त्याआधी त्यांच्या नाट्यपदांना वन्समोअर पडायचे.

ऋजुताने पातेलं पाहिलं, पेटी पाहिली आणि ती खो-खो हसत सुटली. "आई, पेटीची पूजा कोणी केली?"

"मीच! दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची नाही की काय? कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूची माळ घातली."

"त्यातलं एक बोट तिच्या डोळ्यावर ओढलंस."

दारावर काचेचा एक बारीक ठिपका होता. तो कुंकवाने पार माखला होता.

श्रीपादरावांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "डोळा झाकला म्हणून दह्याचं दूध? काहीतरीच!"

"बाबा, हलत्या झोपाळ्याचा फोटो काढला, तर तो पुढे चाललाय की मागे, हे कळतं?"

"कसं कळणार?"

"अणुरेणूंचंही तसंच आहे. त्यांची अवस्था लिहायला एकटा आकडा पुरत नाही, जोडीचा लागतो. त्याला संमिश्र संख्या म्हणतात. तिचा एक भाग वास्तव, दुसरा काल्पनिक. नुसता वास्तव भाग म्हणजे तो फोटो. पुढे की मागे, हे दुसऱ्या भागाच्या चिन्हावरून ठरतं. नावाला काल्पनिक, पण सगळी हालचाल त्याच्याच जोरावर!"

थांबपेटी हा काल्पनिक भाग काढून घेई. मग वस्तूत काही हलत नसे, म्हणून काही नासत नसे. वस्तू बाहेर काढण्याआधी तो भाग परत द्यावा लागे आणि त्याचं चिन्ह अधिक की वजा, ते डोळा बघून सांगे. आंधळ्या झालेल्या पेटीने अधिकच्या जागी वजा दिलं. दही आल्या वाटेने परत फिरलं, तेही तासाची वाट मिनिटात कापत.

"मग माझं टक्कल घाल की आत," श्रीपादराव म्हणाले.

"टकलासाठी नाही, बाबा, पण प्रयोगशाळेत माणसांसाठी मोठी पेटी झाली आहे. दोन म्हाताऱ्या माकडिणी तरुण होऊन बाहेर आल्या. गेल्या महिन्यात परवानगीही मिळाली."

कुंदाताई पुऱ्यांची कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. "एकतीस वर्षं मागे जायला किती दिवस लागतील गं?"

"सहा महिने."

"आणि गळा?"

"ऑपरेशन झालेलंच नसेल, आई. होता तसा गळा. आणि गाठ आता औषधानेच विरते."

"वा! पुढच्या दसऱ्याला मैफल!" श्रीपादरावांनी मांडीवर थाप मारली. "मला ओळखेल ना पण?"

"ओळखेल की. माझ्या नवऱ्याचे केस कोणी नेले, म्हणून पोलिसांत जाईल." ऋजुता हसली, आणि मग हसता हसता थांबली. "मेंदूही मागे जातो ना, बाबा. आठवणी त्यातच असतात." ती आईकडे वळली. "मी अठ्ठावीस वर्षांची आहे. मी दारात आले, तर तू विचारशील, कोण हवंय आपल्याला?"

कुंदाताईंना मनात नाटकाची तिसरी घंटा ऐकू आली. पडदा वर गेला, बाजाच्या पेटीने सूर दिला आणि त्यांचा आवाज त्या सुरावर अलगद जाऊन बसला. किती सोपं होतं ते! छातीत इतका आनंद दाटला की त्यांना रडू येईल असं वाटलं.

"चल, काहीतरीच!" त्या म्हणाल्या. "तू असताना मला कसला हवाय गळा?"

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. फक्त म्हणायला उशीर झाला होता, आणि तो उशीर मुलीला दिसला होता.