बाराव्या फ्रेटवरची खोट

"ताई, माझी बेस गिटार घेऊन जा. तुमच्या शाळेत मुलींले दाखवायला ठेवा. मले आता तिचं काम नाही."

सकाळचे आठ वाजले होते. सुलभाताईंनी गॅस बंद केला आणि फोन नीट कानाशी धरला. पलीकडे खकनारहून वामन चौधरी बोलत होता.

"काय झालं वामनभाऊ?"

"कान गेले माझे."

"मी इतक्या हळू बोलतेय, ते कसं ऐकू येतंय मग?"

"बोलणं येतं ऐकू. सूर समजत नाही राहिला. मी बरोबर वाजवतो आणि बेसूर निघतं. काल तालमीत सगळे थांबले. योगूनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, राहू दे वामन. बेस घेऊनच घरी आलो."

सुलभाताईंनी एकतीस वर्षं बुरहानपूरच्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दरवर्षी कंपनांचा धडा आला की त्या वामनला बोलवायच्या. केळीच्या बागेतून तो लाल बेस गिटार पाठीला बांधून मोटरसायकलवर यायचा. जाड तार थरथरताना मुलींना डोळ्यांनी दिसायची. त्या माणसाला सूर कळत नाही, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्यांनी पर्समध्ये ठोकले की सूर देणारे दोन नादकाटे टाकले आणि खकनारची दहाची बस पकडली.

वामन ओट्यावरच बसला होता. चौसष्ट वर्षांचा उंच माणूस, पण आज खांदे पडलेले होते.

"भिंतीकडे तोंड करा," ताई म्हणाल्या. "मी हे दोन काटे वाजवते. एकाच्या टोकाला मेणाचा ठिपका लावलाय, त्यामुळे तो केसभर उतरलाय. कोणता ते सांगायचं."

"दुसरा," वामन म्हणाला.

पुन्हा वाजवले. "आता पहिला." दहा वेळा विचारलं आणि दहाही वेळा उत्तर बरोबर आलं.

"तुमच्या कानांना काहीही झालेलं नाही. डॉक्टरकडे गेला होतात?"

"योगू म्हणाला, नको जाऊ. या वयात व्हायचंच. उगाच कानात यंत्र घालतील."

"बेस आणा बाहेर."

वामननं पेटी उघडली. त्र्याऐंशी साली त्यानं ही बेस मागवली, त्याच वर्षी 'तापी-तरंग' ऑर्केस्ट्रा सुरू झाला. योगू म्हणजे योगेंद्र लीड गिटार वाजवायचा, मृणाल कीबोर्ड, गोटू ड्रम आणि वामन बेस. लग्नं झाली, गणपती झाले, मग नोकऱ्या आणि शेती. निवृत्तीनंतर चौघं पुन्हा जमले. बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यात गोटूच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी तालीम व्हायची. पंधरा दिवसांवर मोठा कार्यक्रम होता. खकनारहून दर वेळी कुठे आणायची, म्हणून बेस त्या खोलीतच असायची.

"खुल्या तारा लावा."

बोट न ठेवता छेडलेल्या चारही तारा मोबाईलवरच्या सूर मोजणाऱ्या मीटरनं अचूक दाखवल्या.

"आता बाराव्या फ्रेटवर बोट ठेवा. तिथे तारेचा बरोबर मध्य येतो. तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा."

वामननं गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी तार दाबून छेडली. सूर चढा आला. इतका चढा, की ताईंनाही तो टोचला.

"पाहिलं?" तो म्हणाला. "वर जावं तसं बिघडतं. माझंच बोट..."

"बोटाचं राहू दे. टेप आहे?"

बेसच्या खालच्या टोकाला चकचकीत लोखंडी झाकण होतं. वामननं त्याचे दोन स्क्रू काढले. झाकणाखाली एका पत्र्यावर प्रत्येक तारेला आधार देणारी एकेक छोटी घोडी होती. तारांची पितळी मण्यांची टोकं त्याच पत्र्याच्या भोकांतून ओवलेली होती. प्रत्येक घोडीमागे तिला पुढेमागे सरकवणारा एक स्क्रू होता. बाकी पत्रा गंजला होता. त्या चार स्क्रूंची डोकी तेवढी घासून चमकत होती.

ताईंनी टेप लावली. वरच्या टोकापासून बाराव्या फ्रेटपर्यंत त्रेचाळीस सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटपासून घोडीपर्यंतही तेवढंच हवं होतं, किंबहुना किंचित जास्त. भरलं साडेबेचाळीस.

"सात मिलिमीटर कमी," त्या म्हणाल्या. "म्हणून वरचे सगळे सूर चढतात. खुली तार लावून घेतली की मीटरला यातलं काही समजत नाही."

"म्हणजे बेस बिघडली?" वामनचा चेहरा उजळला.

"बिघडली असती तर एखादी घोडी सरकली असती. चारही सारख्याच सरकल्यात, वामनभाऊ. स्क्रू आपोआप फिरत नाहीत."

चेहऱ्यावरचा उजेड विझला.

"खोलीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?"

"योगू, मृणाल, गोटू." मग जवळजवळ रागानं म्हणाला, "तुमची काहीतरी गलती होतेय ताई. चाळीस वर्षांचे दोस्त आहेत माझे."

"हे कधीपासून सुरू झालं?"

वामन त्यांना आत घेऊन गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केळीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. दसऱ्यानंतरच्या प्रत्येक रविवारी पेन्सिलीनं एक आकडा होता.

"त्या दिवशी किती गाणी बिघडली, ते लिहायचो. सुधारायचं होतं ना."

आकडे होते एक, तीन, पाच, पाच, पाच आणि काल आठ.

ताईंनी ते आपल्या वहीत उतरवले. "झाकण परत लावा. बेस आहे तशीच ठेवा. कुणाला एक शब्द सांगू नका. रविवारपर्यंत."

दुसऱ्या दिवशी त्या मृणालकडे गेल्या. मृणाल संगीतशिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती. तिच्या कानातून बारीकसा फरकही सुटत नसे.

"बेस बेसूर होतेय, हे तुला कळत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

मृणालनं नजर खाली वळवली. "योगेंद्र म्हणाला, त्याला दुखवू नको. त्याचं त्यालाच उमजेल. तोपर्यंत तू कीबोर्डवर डाव्या हातानं बेस सांभाळ."

"आणि तू सांभाळलीस."

"हो. मला वाटलं, वय झालं त्याचं."

निघताना मृणालनंच विषय काढला. श्रावणात तिनं ऑर्केस्ट्राची एक जुनी कॅसेट इंटरनेटवर टाकली होती. हजारो लोकांनी ऐकली. खालच्या प्रतिक्रियांमध्ये सगळे एकच विचारत होते, हा बेस कोण वाजवतंय?

"वामनभाऊंना दाखवलंस?"

"त्याच्याकडे कुठे एवढं नेटवर्क? योगेंद्र मात्र रोज वाचतो. नवीन काय आलं, ते माझ्याआधी त्याला माहीत असतं."

गोटू बासष्टीचा झाला तरी सगळ्यांसाठी गोटूच होता. तालमीच्या खोलीखाली त्याचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. ताईंनी बेसचं नाव काढताच तो गडबडला.

"मी केलं ताई. कबूल करतो."

"काय केलंत?"

"त्याच्या अॅम्पचा आवाज कमी करायचो. माझा ड्रम दबून जायचा ना. त्यावरून आमची दसऱ्याला चांगलीच जुंपली होती."

"बेसला हात लावलात?"

"बेसला? कायले? मले त्यातलं ओ का ठो समजत नाही."

"दसऱ्यापासून एकही तालीम चुकली नाही तुमची?"

"माझी नाही, मृणालची बी नाही. योगेंद्र तेवढा दोन रविवार नव्हता. इंदूरला नात झाली त्याले. पंधरा दिवस तिकडेच होता. आम्ही तिघांनीच वाजवलं."

"कोणते दोन रविवार?"

गोटूनं बोटांवर मोजलं. "दसऱ्यानंतरचा चौथा आणि पाचवा."

शेवटी त्या योगेंद्रच्या घरी गेल्या. नीट भांग पाडलेला, मृदू बोलणारा माणूस. त्यानं चहा मागवला, वामनची चौकशी केली आणि उसासा टाकला.

"फार वाईट वाटतं मॅडम. पण स्टेजवर त्याचं हसं व्हायला नको."

"बेसमध्येच काही बिघाड असेल का?"

"बिलकुल नाही. मीटर लावून बघा, खुल्या तारा एकदम परफेक्ट आहेत."

"त्या चकचकीत झाकणाखाली काही?"

"ते झाकण? त्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. मी तर नाहीच नाही."

"तारा जुन्या झाल्या असतील."

"छे! मे महिन्यात मीच तर बदलल्या. चारही. वामनला शेतातून फुरसत कुठे असते?"

ताईंनी चहा संपवला. बाहेर पडल्यावर त्या कोपऱ्यावर थोडा वेळ उभ्याच राहिल्या. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम खडखडत होते. उत्तर मिळालं होतं, पण ते घेऊन खकनारला जायचं त्यांच्या जिवावर आलं.

रविवारी चौघं खोलीत जमले. वामनला बेस घेऊन येताना बघून योगेंद्रच्या कपाळावर आठी पडली.

"तू येणार नव्हतास ना?"

"मी बोलावलं," सुलभाताई म्हणाल्या. "पाच मिनिटं बसा सगळे."

त्यांनी झाकण उघडलं, टेप लावली आणि सात मिलिमीटरचा फरक तिघांना दाखवला. मृणालचा हात तोंडाशी गेला. गोटू वाकून वाकून बघत राहिला.

"वामनभाऊंचे कान शाबूत आहेत. कुणीतरी या घोड्या सरकवल्या. तेही एकदम नाही, थोड्या थोड्या, दर आठवड्याला. म्हणजे वाजवणाऱ्याला वाटावं की आपणच घसरतोय. किल्ल्या तिघांकडे होत्या. गोटूभाऊंचं भांडण झालं होतं. मृणालच्या हाती आयती बेस येत होती. मी दोघांवरही संशय घेतला."

"मॅडम, आपण तालीम..." योगेंद्र म्हणाला.

"वामनभाऊंनी दर रविवारचा आकडा लिहून ठेवलाय. एक, तीन, पाच. मग दोन रविवार पाचच. मग आठ. मधले दोन आठवडे बेस अजिबात आणखी बिघडली नाही. गोटूभाऊ आणि मृणाल तेव्हा इथेच होते, किल्ल्याही त्यांच्याकडेच होत्या. इंदूरला कोण होतं?"

"हा योगायोग आहे," योगेंद्र म्हणाला.

"असू शकतो. मी झाकणाबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याला हातच लावलेला नाही. आणि मग म्हणालात, मे महिन्यात तारा तुम्ही बदलल्या. तारेची टोकं बघा कुठे ओवलीत. या झाकणाखाली. ते काढल्याशिवाय एकही तार बदलता येत नाही. मे महिन्यात तुम्ही ते काढलंत, यात गैर काहीच नव्हतं. सरळ सांगता आलं असतं. पण झाकणाचं नाव निघताच तुम्ही खोटं बोललात. झाकणाखाली काय आहे हे ज्याला लपवायचंय, तोच असं बोलतो."

योगेंद्रनं वामनकडे बघितलं नाही. तो मृणालकडे वळला.

"तू ती कॅसेट टाकायलाच नको होती."

"काय?"

"दीडशे लोकांनी विचारलं. बेस कोण वाजवतंय, बेस कोण वाजवतंय! लीड गिटार कोणाची, म्हणून एकानं नाही विचारलं. ऑर्केस्ट्रा मी काढला. एकेक गाणं मी बसवलं. चाळीस वर्षं पुढे मी उभा राहिलो." त्याचा आवाज फाटला. "आणि हा मागे उभा राहून..."

"मले सांगितलं असतंस योगू," वामन पहिल्यांदाच बोलला. "मी सोडली असती बेस. तुझ्यासाठी सोडली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू सोडली असतीस आणि त्यातही तूच मोठा झाला असतास."

वामननं मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"एक सांग. त्या दिवशी मी चुकलो आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवला. मले वाटलं, आपला माणूस आहे. तेव्हा तुले आतून काय वाटत होतं?"

योगेंद्रनं गिटारची पेटी जवळ ओढली.

"बरं वाटत होतं," तो म्हणाला.

वामन उठला. ताईंना वाटलं, आता हा हात उगारेल. पण त्यानं फक्त दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. योगेंद्रनं गिटारची पेटी उचलली. जिना उतरतानाचे त्याचे पाय कितीतरी वेळ ऐकू येत होते. मृणाल रडत म्हणाली, "वामन, मी बोलायला हवं होतं." वामन झाकणाचे स्क्रू वेचत राहिला.

ताईंनी त्याच दुपारी चारही घोड्या जागेवर आणल्या.

कार्यक्रम झाला. लीड गिटारचे तुकडे मृणालनं कीबोर्डवर वाजवले. वामन पुढे येऊन उभा राहिला आणि त्याची बेस शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आली. देडतलाईहून टेम्पो करून आलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पण पहिल्या रांगेतून सुलभाताईंना दिसत होतं, की प्रत्येक वरच्या सुराआधी त्याचं बोट तारेवर क्षणभर अडखळतं आहे.

कार्यक्रम संपल्यावर तो घाम पुसत त्यांच्याकडे आला.

"ताई, बेसूर झालं का कुठं?"

"एकाही सुरात नाही."

वामननं त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. अशा नजरेनं त्यानं आजवर कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

"खरं सांगता ना?" त्यानं विचारलं.