@नानासो

लोक स्वतःला काय काय नावं लावून घेतात, ते पाहून मला शिसारी यायची. ‘@लयभारी_जयराज’, ‘@सांगलीची_वाघीण’. कराडातली आमची छोटी कंपनी मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर बनवते. सांगलीच्या एका वेबसाइटवर वाचकांच्या प्रतिक्रिया तेच तपासतं. असली नावं शब्दकोशात कुठून असणार? म्हणून मी नियम लिहिला: @ दिसलं की ते नाव तपासायचं नाही, ओलांडून पुढं जायचं.

नमुन्याची वाक्यं टाइप करायला नानासो होता. दहिवडीचा, फौजेतून निवृत्त. एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

“सायेब, माझं नाव लिवलं की खाली लाल रेघ येती. नानासाहेब कर म्हणतंय. आमी नानासोच हाय.”

एवढ्यासाठी माणूस जिना चढून आला होता. मीच त्याच्या नावाआधी @ लावून दिलं. “आता तुम्हाला कोणी हात लावणार नाही.”

तो खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चहावाला त्याला कप न देताच पुढं गेला. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेस्टर अफसानानं आपली पर्स त्याच्या खुर्चीवर ठेवली. तो खुर्चीतच बसलेला होता.

“बाई, पिशवी,” तो हळूच म्हणाला.

ती डबा उघडत राहिली.

खेडवळ माणसाची चेष्टा चालली असेल, असं समजून मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी तो पुन्हा आला.

“त्ये चिन्न काडा, सायेब.”

मी काढलं. नुसतं ‘नानासो’ उरलं. लाल रेघ आली नाही.

त्यानंतर तो दिसला नाही. अफसानाला विचारलं, तर ती म्हणाली, “कोण नानासो, सर?”

काही दिवसांनी, ऑफिस सुटायच्या वेळी, त्याची बायको रंगुबाई आली. अफसाना तिच्या अंगाला घासून गेली, पण थांबली नाही.

“बसा,” मी नाइलाजानं म्हणालो.

अफसाना वळली. “कुणाशी बोलताय, सर?”

रंगुबाई माझ्याकडंच बघत होती. “आवं, कंडक्टरनं तिकीट इचारलं न्हाई. शेजारीण बोलंना. मी ह्यांच्यासंगं बोलत व्हते, येवढंच.”

असल्या गावंढळ भाकडकथा ऐकायला मला वेळ नव्हता.

“अफसाना, यांना खाली सोडून ये.”

अफसानानं पर्स उचलली. पंखा बंद केला. दिवे मालवले.

मग तिनं बाहेरून कुलूप लावलं.