वीस-पन्नासचं ऑइल

दुकानदाराने सहावा डबा काउंटरवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला. साहेबांनी तोही डबा उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"अहो साहेब, ऑइल घ्यायचंय की डब्याला मुलगी द्यायची आहे?"

साहेब हसले नाहीत. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना साहेबच म्हणत, आणि डब्यावर एक लिटर लिहिलंय म्हणून आत एक लिटरच असेल, यावर त्यांचा आजही विश्वास बसत नसे.

गाडी जर्मन होती, बत्तीस वर्षांची, चौकोनी तोंडाची आणि दणकट. अलीकडे ती ऑइल खाऊ लागली होती, आणि सकाळी सुरू केली की इंजिनाच्या आत कुणीतरी नखं आपटत असल्यासारखी टकटक येई. एरवी साहेबांनी ती केव्हाच मोडीत काढली असती. पण बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे, घाटापलीकडच्या इस्पितळात, बेचाळीस किलोमीटर. बसने दोनदा नेऊन पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी परतताना ती स्टँडवरच्या पायरीवर बसली ती उठेचना. भाड्याच्या नव्या गाडीत प्रत्येक वळणावर तिला मळमळे. या म्हाताऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र तिला झोप लागायची. तिला झोप लागेल असं काहीतरी चालू ठेवणं, एवढी एकच गोष्ट आता साहेबांच्या हातात उरली होती.

"गाडीच्या पुस्तकात पंधरा-चाळीस दिलंय," ते म्हणाले. "तुम्ही पाच-तीस दाखवताय. मिस्त्री म्हणतो वीस-पन्नास."

"मग मिस्त्रीचंच ऐका. पाच-तीस पातळ, ते नव्या गाड्यांना. जुन्या इंजिनात झीज झालेली असते, फटी पडलेल्या असतात. पातळ ऑइल निसटून जातं. जाड ऑइल धरून ठेवतं."

साहेबांनी वीस-पन्नासचे सहा डबे घेतले.

मिस्त्रीला सगळे कानवाला म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवून आणि दुसरं कानाला लावून तो गाडीचा आजार सांगायचा. त्याच्या गॅरेजात मधोमध एक खड्डा होता, माणूस उभा राहून काम करील इतका खोल. त्यात उतरून त्याने जुनं ऑइल काढलं. नवं मात्र साहेबांनी स्वतःच्या मापाने ओतलं. बरोबर साडेपाच लिटर. ऑइलची काडी बाहेर काढून पाहिली, तर पातळी वरच्या रेघेला नेमकी टेकलेली. इंजिन सुरू केलं. टकटक बंद.

"आता वहिनींना म्हणावं, खुशाल डोळे मिटून बसा," कानवाला म्हणाला.

बायको आधी टेलिफोन खात्यात होती. जन्मभर लोकांचे आवाज जोडून दिलेले, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाजही स्वच्छ आणि ठसठशीत होता. दोन वर्षांत तो खोल गेला होता. आता तर हृदयानेही अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं: "दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात जे पाणी साठतं ते मशीन ओढून काढतं. पण यांचं हृदय आता एवढी ओढाताण सोसत नाही. पाणी कमी साठलं पाहिजे. नाहीतर अवघड आहे." साहेबांनी "किती अवघड" असं विचारलं होतं, आणि डॉक्टर घड्याळाकडे पाहायला लागले होते.

नवं ऑइल घालून तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीच्या दिवशी सकाळी साहेबांनी सवयीने काडी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पातळी वरच्या रेघेच्या वर बोटभर गेली होती.

ऑइल खाणारी गाडी ऑइल वाढवत होती.

त्यांनी गाडी सपाट जागी लावली, तासभर थांबले, पुन्हा मोजलं. तेच. शिवाय काडीवरचा रंग बदलला होता. मधासारखं पिवळं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत होतं.

"पाणी शिरतंय," कानवाल्याने निदान केलं. "हेड गॅस्केट गेलं, ऑइल-पाणी वेगळं ठेवणारं."

पण रेडिएटरचं पाणी थेंबानेही कमी झालं नव्हतं. दाब देऊन पाहिला, कुठेही गळती नाही. तरीही त्याने गॅस्केट बदललं, नवं ऑइल घातलं, आणि आठवड्याने पुन्हा तोच दुधाळ रंग, तीच वाढलेली पातळी.

त्याच आठवड्यात इस्पितळातल्या सिस्टरने वजनकाट्यावरून मान वर केली. "अरे वा, आज फक्त दीड किलोच वाढलंय. दोन तरी असतं दरवेळी. पाणी कमी केलंत का, मावशी?"

"छे गं. जेवढं पिते तेवढंच पिते."

साहेब दाराशी उभे होते. अर्धा किलो पाणी म्हणजे अर्धा लिटर. काट्याच्या आकड्याकडे ते नको इतका वेळ बघत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी एक वही केली. डाव्या बाजूला बायकोचं वजन जेवढं कमी भरे ते, उजव्या बाजूला गाडीतलं ऑइल जेवढं वाढे ते. आठ फेऱ्यांचे आकडे लिहून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि कपाटात कपड्यांखाली सरकवली. आयुष्यभर त्यांनी काट्यात चोरी पकडली होती. हे आकडे कुठेच चुकत नव्हते, आणि म्हणूनच ते त्यांना पाहवत नव्हते.

बायको मात्र सुधारत होती. घोट्यांवरची सूज उतरली. मशीनवर बसली की पूर्वी तिला गरगरायचं, ते थांबलं. एकदा घाट चढताना मागच्या सीटवरून ती म्हणाली, "अहो, या गाडीत बसलं ना, की अंगातलं काहीतरी उतरायला लागतं. डोक्यावरचा भरलेला हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं."

"झोप तू."

तिने डोळे मिटले. "घेत असेल का हो कुणी खरंच?"

साहेबांनी काच खाली केली आणि वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू न आल्यासारखं केलं.

दोन दिवस न हललेल्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी एकदा हात ठेवला. सावलीत होती गाडी. बॉनेट गरम नव्हतं. कोमट होतं, माणसाच्या पाठीइतकं.

साहेबांचा स्वभाव खात्री करून घेण्याचा. दोन मापं जुळली म्हणून तिसरं तपासायचं नाही, हे त्यांना जमणारं नव्हतं. शिवाय कानवाला रोज कुरकुरत होता, "साहेब, पाणी मिसळलेलं ऑइल इंजिनाची हाडं खातं. पातळ घालून बघू एकदा. आतली घाण तरी निघेल." साहेबांनी मान हलवली. पाच-तीस घातलं.

पहिल्या फेरीला काडी रेघेवर जशीच्या तशी राहिली. रंग स्वच्छ पिवळा. कानवाला खूश झाला. दुसऱ्या फेरीलाही तेच.

तिसऱ्या फेरीला, सकाळी दहाच्या सुमारास, घाटाच्या सातव्या वळणावर बायकोने मागून त्यांचा खांदा धरला. तिला बोलता येत नव्हतं. तिच्या श्वासात बुडबुडे वाजत होते, नळीने तळाचं सरबत ओढावं तसे. ओठ जांभळे पडले होते. इंजिनात पुन्हा टकटक सुरू झाली होती, आणि साहेब एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने तिची बोटं धरून "पोचलो, पोचलो आपण" असं म्हणत होते, तेव्हा अजून एकोणीस किलोमीटर बाकी होते.

तिचं वजन सव्वाचार किलोंनी वाढलेलं होतं. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. पाच दिवस तिला तिथेच ठेवून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हात टेकावे लागतील."

साहेब इस्पितळातून तडक गॅरेजात गेले. अंगावर कालचेच कपडे होते. "वीस-पन्नास घाल," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

"पण साहेब, इंजिन..."

"इंजिन गेलं तर दुसरं बसवू. तू घाल."

कानवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो खड्ड्यात उतरला.

त्यानंतर नेमच झाला. दर शुक्रवारी दुधाळ ऑइल काढायचं, नवं जाड ऑइल घालायचं. कानवाला उघड्या हातांनी नट सोडवायचा. धार त्याच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळायची आणि बाह्या भिजायच्या. तो चिंधीने पुसायचा. "कसलं विचित्र ऑइल आहे हे, साहेब," एकदा म्हणाला. "जळका वासच नाही. इस्पितळासारखा वास येतो."

"असेल."

तीन महिने गेले. सिस्टरने आता मशीन आठवड्यातून दोनदाच पुरेल असं सांगितलं. बायको स्वयंपाकघरात उभी राहून काम करू लागली. तिचा आवाज परत आला. फोनवर जुन्या मैत्रिणींशी ती तासतास बोलायची आणि साहेब बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून ते ऐकत बसायचे.

मग एका शुक्रवारी ते गॅरेजात पोचले तेव्हा कानवाला खुर्चीत बसून होता. बुटांच्या टाचा दुमडून त्यावर पाय ठेवलेले.

"बूट चढेनात," तो ओशाळून हसला. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. "आडवं झालं की दम कोंडतो. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितलीय. वय झालं, दुसरं काय!"

तो बेचाळीस वर्षांचा होता.

साहेबांनी त्याच्या घोट्याकडे पाहिलं. मोज्याचा काठ मांसात रुतला होता. ते वाकले आणि, बायकोच्या पायावर दोन वर्षं दाबत आले होते तसं, अंगठ्याने दाबलं.

खळगा पडला.

त्यांनी मनात आकडे मोजले. वीस झाले. तीस झाले. खळगा भरला नाही.

"काय झालं, साहेब?"

बाहेर बाकावर बायको बसली होती. फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता ती खळखळून हसली. गेल्या दोन वर्षांत तिच्या तोंडून साहेबांनी तसं हसू ऐकलं नव्हतं.

सांगावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. हे ऑइल शिवू नकोस, हे हात धू, गॅरेज बंद कर आणि जा कुठेतरी. घशातून आवाज निघाला तो वेगळाच.

"काही नाही. उशीर होतोय. आज घाटात जायचंय."

कानवाला खुर्चीच्या हातांना धरून उठला. पाना उचलला. त्याची बोटं मिटेनात.

"मुठीत बसत नाहीये, साहेब. नट तुम्हीच सोडवता का?"

साहेब खड्ड्यात उतरले. मागोमाग तोही उतरला, एकेका पायरीवर थांबत. वर गाडी उभी होती, आणि तिच्या पोटाखाली उन्हाच्या दिवशीही दमट, कोमट हवा साठली होती.

साहेबांनी खिशात हात घातला. इस्पितळातून आणलेले रबरी हातमोजे काढले. एकच जोड होता.

त्यांनी तो एकेक बोट सरळ करत स्वतःच्या हातांत चढवला.

"तू फक्त धारेखाली भांडं धर," ते कानवाल्याला म्हणाले.