एकेरी दोरा

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता चिटणीसांनी कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि दार धरून ते तसेच उभे राहिले. क्लबच्या एकवीस वर्षांच्या एकवीस वह्या तिथे ओळीने असायच्या. आज वीस होत्या. मधल्या चार बोटांच्या फटीत शेजारची वही कलंडली होती.

त्यांनी हाक मारली ती मावशींना.

मावशी पलीकडच्या खोलीत पॅराशूटच्या घड्या घालत होत्या. अठरा वर्षं त्यांचं हेच काम. त्यांच्या हाताखालून गेलेलं पॅराशूट पाठीला लावल्याशिवाय क्लबमधला एकही माणूस विमानात बसत नसे. बाई बोलायला तिखट, पण हरवलेली वस्तू शोधण्यात त्यांचा हातखंडा होता. चिटणीसांचा चष्मा त्यांनी आजवर सहा वेळा शोधून दिला होता, त्यातल्या चार वेळा चिटणीसांच्याच कपाळावरून.

"कोणती गेली?" मावशींनी विचारलं.

"नऊ वर्षांपूर्वीची."

संध्याकाळी चार वाजता कमिटीला नेमकी तीच वही हवी होती.

क्लब ग्लायडरचा होता. इंजिन नसलेली ही विमानं यंत्राच्या दोरीने वर ओढायची, दोरी सोडायची आणि मग गरम हवेच्या आधाराने तरंगत राहायचं. मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलेला वेळनोंद्या प्रत्येक विमान कधी उडालं, कधी उतरलं ते वहीत लिहायचा. नऊ वर्षांपूर्वी ते काम मावशींचे यजमान करायचे. त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले.

मावशींची भाची त्याच वर्षी इथे उडायला शिकली होती. बाहेर शिकून, चार ठिकाणी शिकवून तीन महिन्यांपूर्वी ती शिक्षिका म्हणून परत आली. सोमवारच्या बैठकीत तिने एक साधी सूचना मांडली: सगळ्या शिक्षकांचे तास जुन्या वह्यांशी ताडून पाहावेत. मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, ते उसळले. आधी हिचेच तपासा, म्हणाले. अर्जात इथले शंभर तास लिहिलेत, चाळीस तरी होते का?

कमिटीने गुरुवार ठरवला. तास सिद्ध झाले नाहीत तर भाचीचा शिकवण्याचा परवाना जाणार आणि बाकीच्या सगळ्या क्लबना तसं पत्र जाणार. म्हणजे कुठेच कोणी तिला शिकवू देणार नाही. आणि आता वहीच नव्हती. ती कोणी पळवली याचं उत्तर म्हणून भाचीचं नाव क्लबमधल्या प्रत्येकाच्या ओठावर असणार, हे मावशींना सांगायची गरज नव्हती.

"शेवटची कधी पाहिली होतीत?"

"मंगळवारी संध्याकाळी. मीच पुसून ठेवली."

"आणि काल?"

"काल सुट्टी. फाटकाच्या किल्ल्या आहेत तुम्हाला सोडून चौघांकडे. मी, मिस्त्री, सर आणि," चिटणीस अडखळले, "तुमची भाची. काल चौघंही कधी ना कधी येऊन गेलो. तुम्हीच तेवढ्या नव्हता. कपाटाची किल्ली काय, खिळ्यालाच असते."

चिटणीसांचा उजवा हात बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. पंधरा दिवसांपूर्वी कचेरीच्या पायरीवरून पडले होते. कपाट परत लावायला त्यांना डाव्या हाताने तीन मिनिटं लागली. मावशींनी मदत केली नाही. त्या बघत राहिल्या.

मिस्त्री हँगरमध्ये एका पंखाखाली आडवे झाले होते. काल आपण दुपारी तासभर येऊन चाकं बघितली, कचेरीकडे फिरकलोही नाही, असं त्यांनी खालूनच सांगितलं.

"खोटं बोलत असाल तर?"

"तुमच्याशी? तीन वर्षांपूर्वी एक दोरा दुहेरी बांधला, तर तुम्ही मला त्या पॅराशूटसकट तुळईला टांगलंत आणि म्हणालात, ओढा. अजून खांदा दुखतो."

ते खरं होतं. पॅराशूट उघडणारी पिन आपोआप सरकू नये म्हणून तिला लाल दोऱ्याची एक गाठ असते. हा दोरा एकेरीच हवा, एका हिसक्यात तुटायला हवा. दुहेरी दोरा दिसायला भक्कम, पण हवेत तो माणसाचा जीव घेतो. त्या दिवसापासून मिस्त्री मावशींच्या दोऱ्याला हात लावत नसत.

भाची फळ्यापाशी हवेचा अंदाज लिहीत होती. रात्रभर झोपली नसावी.

"काल कशाला आली होतीस?"

"माझी लॉगबुकं घ्यायला, माझ्या तासांच्या नोंदवह्या. इथल्या पहिल्या वर्षाची त्यात नाहीच. मावशी, तुलाही तसंच वाटतंय का?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय. वही घेतलीस?"

"नाही."

"तास खरे आहेत?"

भाचीने खडू खाली ठेवला. "खरे आहेत," ती म्हणाली, पण आधी क्षणभर थांबली. तो क्षण मावशींना टोचला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

सर दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर शिक्षकांची पाटी होती. पहिलं नाव त्यांचं, पुढे तास, आणि त्याखाली 'पॅराशूट उड्या: चाळीस'. शेजारी चौकटीत त्यांचं सन्मानपत्र, सलग पाच तास बारा मिनिटं एकट्याने तरंगत राहिल्याबद्दल. क्लबचा तो आजही विक्रम होता. मावशींनी अठरा वर्षं ही भिंत पाहिली होती. आज पहिल्यांदा त्यांनी सन्मानपत्रावरची तारीख वाचली.

"काल आला होतात?"

"सकाळी. चष्मा विसरलो होतो." सरांनी वर्तमानपत्र घडी केलं. "मावशी, तुमचं दुःख कळतं मला. पण मुलीने चूक केली असेल तर पांघरूण घालू नका. माझं ऐकाल तर सगळ्या खोल्या बघा. तुमचीही बघा. उद्या कोणी म्हणायला नको."

नाकाने कांदे सोलणं चाललं होतं, पण सल्ला चुकीचा नव्हता. मावशी आपल्या खोलीत आल्या.

लांब टेबल, दोऱ्याचा खण, भिंतीला ओळीने टांगलेली पॅराशूटं. शेवटच्या हुकावर शिकवणीचं पॅराशूट. त्यात छत्री नव्हतीच, जुन्या चादरी कोंबलेल्या होत्या. नवख्यांनी ते पाठीला लावून दोरी ओढायचा सराव करायचा आणि मावशींनी पुन्हा दोरा बांधून ठेवायचा. त्यांनी सहज त्यावर हात टेकला. चादरींना कोपरे नसतात. हाताला दोन कोपरे लागले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वही त्यांच्याच खोलीत होती.

मावशी स्टुलावर बसल्या. वही इथे सापडली तर भाचीबरोबर आपलंही नाव जाणार. आत्ता बाहेर काढून कपाटात ठेवली तर कोणाला काही कळणार नाही. खोलीत कोणी नव्हतं आणि कात्री हाताशी होती. त्यांनी ती उचललीसुद्धा. मग त्यांची नजर दोऱ्यावर गेली आणि कात्री खाली आली.

दोरा दुहेरी होता.

त्या बराच वेळ त्या गाठीकडे बघत बसल्या. मनातल्या मनात चौघांना उभं केलं आणि एकेकाला घरी पाठवलं. चौथाही घरी गेला तेव्हा खोलीत कोणीच उरलं नाही. वही तर आपल्या पायांनी चालत आली नव्हती. मग त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजलं आणि त्या ताडकन उठल्या.

त्यांनी चिटणीसांना बोलावून शिकवणीच्या पॅराशूटसमोर खुर्ची दिली. "चार वाजेपर्यंत इथून उठायचं नाही. कोणाला हात लावू द्यायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

"जेवण?"

"इथेच आणून देते."

चार वाजता कमिटीची पाच माणसं दिवाणखान्यातल्या टेबलामागे बसली. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला भाची. मिस्त्री दाराशी. अध्यक्षांनी वही सापडली का विचारलं. मावशींनी दोन पॅराशूटं आणून टेबलावर ठेवली आणि दोन्हींची दोऱ्याची बाजू सरांकडे केली.

"सर, दोन्ही मी आजच बांधलीत. तुम्ही चाळीस वेळा उडी मारलेले. आत्ता उडी मारायची असती तर यातलं कोणतं लावलं असतंत?"

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

"सांगा ना," अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही उत्सुकता लागली होती.

सर पुढे वाकले. दोन्ही गाठी त्यांनी बोटाने चाचपल्या आणि डावीकडच्या पॅराशूटवर हात ठेवला. "हे. याचा दोरा पक्का आहे. दुसरा लेचापेचा आहे."

दाराशी मिस्त्रींच्या तोंडून आवाज निघाला. भाची झटकन मावशींकडे वळली.

"ओढा," मावशी म्हणाल्या.

सरांनी मूठ धरून हिसका दिला. काही झालं नाही. दुसरा दिला. मग दोन्ही हातांनी, टेबलाला पाय लावून. दोरा तुटला तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

"एवढ्या वेळात तुम्ही जमिनीला लागला असतात," मावशी म्हणाल्या.

त्यांनी चिटणीसांना खूण केली. चिटणीस शिकवणीचं पॅराशूट डाव्या हाताने छातीशी धरून घेऊन आले, तान्ह्या बाळासारखं. मावशींनी कमिटीला आधी गाठ दाखवली, मग दोरा कापला. चादरींबरोबर निळ्या पुठ्ठ्याची वही टेबलावर पडली.

"वही माझ्या खोलीत होती. मला दुपारी कळलं. मी उघडलेली नाही, कारण मला ही गाठ तुम्हाला जशीच्या तशी दाखवायची होती. ज्याने वही लपवली त्याने दोरी ओढली, दोरा तुटला, आणि कोणाला कळू नये म्हणून माझ्या खणातला दोरा घेऊन पुन्हा बांधला. भक्कम बांधला, दुहेरी. काल इथे चौघं येऊन गेले. चिटणीसांच्या हातात प्लास्टर आहे. आज त्यांना कपाट लावायला तीन मिनिटं लागली, ती मी मोजली. ही गाठ त्यांना बांधता येणार नाही. मिस्त्री दुहेरी बांधणार नाहीत, त्यांचा खांदा अजून दुखतो. माझी भाची बारा वर्षांची असल्यापासून माझ्याशेजारी बसून हा दोरा बांधते. आणि सर? चाळीस उड्या मारलेला माणूस मेला तरी दुहेरी दोरा बांधणार नाही. झालं, चौघंही सुटले."

मावशींनी कापलेला दोरा टेबलावर ठेवला.

"मग मी परत मोजलं. तिघांना मी डोळ्यांनी पाहून सोडलं होतं. एकालाच फक्त पाटी वाचून."

सरांनी खुर्ची मागे सरकवली.

"पण वही तर सरांनाच हवी होती," अध्यक्ष म्हणाले. "हिचे तास तपासा, हे त्यांनीच सांगितलं."

"रागाच्या भरात बोलून गेले. मग घरी जाऊन आठवलं असेल की त्याच वहीत स्वतःचाही एक दिवस आहे. त्यांच्या सन्मानपत्रावरची तारीख बघा आणि ते पान काढा. तिथे काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पण लिहिणारा माणूस मला माहीत होता."

अध्यक्षांनी पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं: सरांचं विमान अकरा पाचला उडालं, एक चाळीसला उतरलं. एक बावन्नला पुन्हा उडालं, चार सतराला उतरलं.

सलग पाच तास बारा मिनिटं नव्हतीच. मध्ये बारा मिनिटं विमान जमिनीवर होतं.

"बाहेरून आलेला पंच झाडाखाली झोपला होता," सर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. "मला मळमळत होतं. पाणी प्यायलो आणि परत गेलो. त्याने उठल्यावर उडाल्याची आणि उतरल्याची वेळ विचारली, मी पहिली आणि शेवटची सांगितली. खोटं असं काही बोललो नाही."

"आणि उड्या?"

"विमानाच्या दारापर्यंत गेलो होतो. एकदा. परत आत येऊन बसलो."

मावशींना वाईट वाटलं. बारा मिनिटांचा आणि एका दाराचा हा माणूस वीस वर्षं पोरांना घेऊन आकाशात जात होता, आणि हवेत तसाच प्रसंग आला असता तर सुटका कशी करायची हे त्याला माहीत नव्हतं. वाईट वाटलं तरी त्यांना त्याची दया आली नाही. वही त्याने मुद्दाम त्यांच्याच खोलीत ठेवली होती.

सरांनी फाटकाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले. भाचीने सुस्कारा सोडला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "अध्यक्ष, आता हिचे मोजा."

त्याला अर्धा तास लागला. चिटणीसांनी आकडे सांगितले, अध्यक्षांनी बेरीज केली, मग परत केली. बेरीज सत्त्याऐंशी आली.

भाचीची मान खाली गेली. सकाळचा तो क्षण मावशींना आता कळला.

"शंभर कुठून आणलेस?"

"नव्वदच्या आसपास असतील असं वाटलं होतं. शंभर बरं दिसतं म्हणून लिहिलं."

"त्यांनाही पाच तास बरे दिसले होते."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. कमिटीतले एक जण म्हणाले, जाऊ द्या हो, चाळीस तर नाहीत ना. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी वही आपल्याकडे ओढली. पानभर ओळखीचं तिरकं अक्षर होतं, शाई फिकट झालेली. घड्याळ बघून लिहायचं, तोंड बघून नाही, असं यजमान म्हणायचे. नऊ वर्षांत मावशींनी हे अक्षर पाहिलं नव्हतं. त्यांनी बोट त्यावरून फिरवलं आणि पेन भाचीपुढे ठेवलं.

भाचीने अर्ज ओढून घेतला, शंभर खोडले आणि वर सत्त्याऐंशी लिहून सही केली. कमिटीने परवाना राहू दिला, ताकीद मात्र लेखी दिली. ती तिने वाचली आणि घडी करून लॉगबुकात ठेवली, पहिल्याच पानावर.

बाहेर अजून ऊन होतं. दिवाणखान्यात मिस्त्री शिडी लावून पाटीवरची उड्यांची ओळ खरवडत होते. मावशी खोलीत आल्या, शिकवणीच्या पॅराशूटमध्ये चादरी परत कोंबल्या आणि खणातून लाल दोरा काढला. भाची दारात येऊन उभी राहिली.

"मी बांधू?" तिने विचारलं.

मावशींनी दोरा तिच्या हातात दिला आणि ती बांधत असताना शेवटपर्यंत तिच्या हाताकडे बघत राहिल्या.