बुरुजावरची अकरावी सही

शाई अजून ओली होती. म्हातारीने बोट टेकवलं आणि अक्षराची शेपटी पसरली.

"माझ्या मुलाची सही आहे," तिने पोलीस ठाण्यात फोन केला. "आत्ताच केलेली. लवकर या."

फौजदारबाई दोन हवालदारांना घेऊन अर्ध्या तासात समुद्रातल्या खडकावरच्या टेहळणी बुरुजाशी पोहोचल्या. त्यांची इथे बदली होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, पण ही फाईल त्यांनी वाचली होती. अकरा वर्षांपूर्वी एक तरुण शाळामास्तर हा जुना बुरूज बघायला आला आणि नाहीसा झाला. तेव्हापासून दरवर्षी, त्याच तारखेला, पाहुण्यांच्या नोंदवहीत त्याची सही उमटायची. कुणी म्हणे तो घर सोडून गेलाय, कुणी म्हणे मेल्यावरही येतो. आई मात्र दरवर्षी ती सही डोळे भरून बघायची आणि पुढचं वर्ष त्यावर काढायची.

"वाटेत कुणी भेटलं का, मावशी?"

"कुणीसुद्धा नाही. आज मी नेहमीपेक्षा लवकरच आले."

खडकावर यायला बांधाची ती एकच वाट होती.

आत गारठा होता. भिंतीतल्या झरोक्यांतून वारा शिरला की लांबून कुणी हाक मारतंय असं वाटायचं. खिडकीपाशी लख्ख उजेड, आणि नोंदवहीचं जड टेबल मात्र कोपऱ्यातल्या काळोखात. सही करायलासुद्धा टॉर्च लागायचा.

"टेबल उजेडात का नाही, काका?"

"पहिल्यापासून इथंच आहे, मॅडम." पहारेकरी पंचवीस वर्षं एकटाच बुरूज सांभाळत होता. कानांत त्याने कापसाचे बोळे घातले होते.

"आज कोण आलं होतं?"

"एक जण येऊन गेला मघाशी. चेहरा नाही बघितला."

"आणि त्या दिवशी मास्तर किती वाजता गेले?"

"पाचला. माझ्यासमोर उतरले, किनाऱ्याकडे गेले. साडेपाचला मी कुलूप घातलं. जबाबात आहे सगळं."

फौजदारबाईंनी जुन्या वह्या मागवल्या. दरसालची एक, अशा दहा निघाल्या. मास्तरने स्वतः सही केलेली वही तेवढी नव्हती. "वाळवी लागली," पहारेकरी म्हणाला.

त्यांनी पातळ कागदावर एक सही गिरवून घेतली आणि तो कागद एकेका सहीवर ठेवला. रेघ न् रेघ जुळली. एका जागी पेन अडखळलं होतं, ते दरवर्षी तिथेच अडखळलं होतं.

मग म्हातारीला घेऊन त्या हळूहळू वरच्या मजल्यावर गेल्या. चहूबाजूंनी समुद्र होता.

"शेवटचं काय बोलला तो?"

"फोनवर म्हणाला, 'आई, सूर्य पाण्याला टेकलाय. मला पक्ष्यांच्या पाठी दिसतायत.' एवढ्यात बॅटरी संपली. पोलिसांनी लिहून घेतलं, किनाऱ्यावर समुद्र बघत होता म्हणून."

फौजदारबाई कठड्यावरून वाकल्या. खाली समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. त्यांच्या करड्या पाठी उन्हात चमकत होत्या. बाईंनी एकदा किनाऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा त्या पाठींकडे.

खाली येऊन त्या पहारेकऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "कापूस काढा, काका. आता नीट ऐका."

त्याने बोळे काढले.

"माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत सारख्या येत नाहीत. या अकराही सह्या एकाच सहीवरून गिरवल्यात, म्हणजे ती मूळ वही कुणाकडे तरी शाबूत आहे. शाई ओली होती आणि वाटेत मावशींना कुणी भेटलं नाही. मग इथे होतं कोण? फक्त तुम्ही. किनाऱ्यावर उभं राहिलं तर उडत्या पक्ष्यांची पोटं दिसतात. पाठी दिसतात त्या फक्त वरून. या महिन्यात सूर्य मावळतो साडेसहानंतर. तुम्ही साडेपाचला कुलूप घातलंत, तेव्हा मास्तर वरच होते. आणि सहीचं टेबल उजेड सोडून काळोखात ठेवतात ते खालचं काही झाकायलाच. आता हे टेबल सरकवा."

तो जागचा हलला नाही. हवालदारांनी टेबल बाजूला केलं. खाली दगडी झाकण होतं. बुरुजाचं जुनं पाण्याचं टाकं.

पहारेकरी बोलू लागला.

"गुडघा दुखत होता. वर न बघताच कुलूप घातलं. सकाळी आलो तर खिडकीखाली खडकावर पडलेला... झेंड्याच्या दोरीनं उतरायला गेला होता, दोरी तुटली. मी घाबरलो, मॅडम, त्याला टाक्यात टाकलं. पहिली सही केली ती शोध थांबावा म्हणून. पण या येतच राहिल्या. त्यांना कोरं पान कसं दाखवणार?"

म्हातारी पुढे आली. "त्याने हाका मारल्या असतील."



"तुझी खोली बांधाच्या टोकालाच. तुला ऐकू आल्या?"

"आल्या," तो म्हणाला. "वारा असेल म्हटलं... आणि रेडिओ मोठा केला."

 म्हातारी रागावली नाही, रडलीही नाही.

झाकण उचकटायला पहारी आल्या. फौजदारबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुम्ही बाहेर बसा. हे बघवणार नाही."

"मी इथेच थांबते," म्हातारी म्हणाली. "तो या जगात आला तेव्हाही मी डोळे मिटले नव्हते."

आणि हवालदाराच्या हातातला टॉर्च घेऊन तिने स्वतःच झाकणावर उजेड धरला.